दिवस भरले

मी ३६ वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं आणि ३६ वर्षं रोज पहिल्या तासाला कॅटलॉग उघडला. उशिरा आलेल्या पोराला वर्गाबाहेर उभं करणारी बाई, अशीच सांगलीत माझी ओळख आहे. त्या बाईचे अमेरिकेतले दिवस भरून वर आणखी २८७ दिवस उलटलेत, हे तिला २४ डिसेंबर २०२१ला संध्याकाळी सुनेच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताना कळलं.

मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि उभाच राहिला. माझ्या परतीच्या तिकिटाचं बघत होता. म्हणाला, "आई, तुझं एक्स्टेन्शन मार्चमध्येच रिजेक्ट झालंय."

मी म्हटलं, "मग? पासपोर्टवर व्हिसा २०२६ पर्यंत आहे की."

हा गैरसमज एकट्या माझा नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बागेत बाकावर बसणाऱ्या निम्म्या आज्यांचा तोच आहे. पासपोर्टवर चिकटवलेला दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी. आत आल्यावर किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, त्या नोंदीला आय-९४ म्हणतात, आणि ती आता कागदावर नसते, त्यांच्या वेबसाइटवर असते. आमच्यासारख्या लेकाकडे आलेल्या बायकांना बहुतेक सहा महिने मिळतात. बाकावर हमखास विचारतात, "तुमचे कधी भरतात?" नवीन माणसाला वाटावं, बाळंतपणाची चौकशी चाललीय.

थोडं मागचं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. ओल्या घरात मी एकटी, म्हणून मुलाने हट्ट धरला की पुढचे पाच महिने तरी इकडे ये. २ जानेवारी २०२०ला मी नेवार्कला उतरले. आय-९४ वर तारीख पडली १ जुलै. परतीचं तिकीट मेचं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २३ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. मेमध्ये वंदे भारतची विमानं सुरू झाली खरी, पण ६७ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईने त्यातून एकटीने यावं असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही.

मुलाने मुदतीच्या आत, जूनमध्ये, आय-५३९ भरला, ४५५ डॉलर फी भरली आणि ३१ डिसेंबरपर्यंतची मुदतवाढ मागितली. असा अर्ज वेळेत गेला की तो पडून असेपर्यंत माणसाचे बेकायदा दिवस मोजत नाहीत. चुकलं ते पुढे. डिसेंबर संपला तरी निकाल नाही. अशा वेळी मागितलेली तारीख उलटायच्या आत दुसरा अर्ज जोडावा लागतो. आम्हाला वाटलं, एक अर्ज आहे ना आत, मग कशाला. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये घर बदललं. मुलाने पोस्टात नवा पत्ता दिला, बँकेत दिला, अगदी मासिकाच्या वर्गणीवरही बदलला. इमिग्रेशनला माझा पत्ता कळवायचा राहिला. तो दहा दिवसांत कळवायचा असतो, आणि त्या खात्याची पत्रं पोस्ट नव्या पत्त्यावर पाठवत नाही, उलट टपाली परत करतं. १२ मार्चला अर्ज फेटाळला गेला. त्याचं पत्र आम्ही कधी पाहिलंच नाही.

आणि १३ मार्चपासून माझी हजेरी सुरू झाली.

आम्हाला पत्ता नव्हता तेव्हा आम्ही काय करत होतो? एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट. मिरजेहून धाकट्या बहिणीचा रोज फोन, आज गल्लीतलं कोण गेलं. "ताई, तू येऊ नकोस." जुलैत पुन्हा पूर. "ताई, आत्ता तर अजिबात येऊ नकोस." सप्टेंबरमध्ये नातीची शाळा. एकेक कारण खरं होतं. त्याच सप्टेंबरच्या ८ तारखेला माझे १८० दिवस पूर्ण झाले. आम्ही त्या दिवशी काय करत होतो ते मी नंतर डायरीत पाहिलं. लिहिलंय : पडवळ चांगलं मिळालं.

त्या रात्री मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून ओट्यावर ठेवलं आणि पेन्सिलीने मोजलं. मार्चचे १९, एप्रिलचे ३०, असं करत डिसेंबरच्या २४ पर्यंत २८७. दोनदा मोजलं, उलट बाजूने एकदा. उत्तर तेच.

वकीलबाईंनी जानेवारीत आकडे समजावले, आणि खरं सांगते, इतका स्वच्छ हिशेब मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. १९९६ सालच्या कायद्यात बसवलेला आहे तो. १८० दिवसांपेक्षा जास्त आणि एक वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून देश सोडला, तर तीन वर्षं परत यायला बंदी. वर्षभर किंवा जास्त राहून सोडला, तर दहा वर्षं. ही बंदी राहिल्याने लागत नाही, बाहेर पडल्याने लागते. विमानात पाऊल टाकलं की दार बंद. दहा वर्षांचा तो व्हिसाही माझ्या नकळत रद्दबातल झालेला होता.

"आणि नाही गेले तर?" मी विचारलं.

"तर तुमचा मुलगा नागरिक आहे."

अमेरिकन नागरिकाचा नवरा-बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि नागरिक एकवीस पूर्ण असेल तर त्याचे आई-वडील, एवढ्याच नात्यांना ग्रीन कार्डाची रांग नाही. आणि एवढ्याच नात्यांना ओव्हरस्टे माफ आहे, देशातच बसून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. अट अशी की आत येताना तुम्ही अधिकाऱ्यासमोरून, रीतसर प्रवेश घेऊन आलेला असायला हवं. माझ्या पासपोर्टावर २ जानेवारीचा नेवार्कचा शिक्का होता. वकीलबाईंनी त्याची झेरॉक्स काढून वेगळी ठेवली. म्हणाल्या, तुमची सगळी केस या शिक्क्यावर उभी आहे. भावाने बहिणीसाठी अर्ज केला असता तर ही माफी नाही, आणि भारतातल्या भावंडांच्या रांगेत तेव्हा १५ वर्षांहून जुन्या अर्जांचे नंबर लागत होते. मुलगा २०१७ मध्ये नागरिक झाला तेव्हा मी फोनवर त्याला चांगलं झापलं होतं, आपला पासपोर्ट सोडलास म्हणून. ते मला त्या ऑफिसात आठवलं. त्यालाही आठवलं असणार. बोलला नाही.

माझी अडचण निराळीच होती. मला ग्रीन कार्ड नको होतं, मला सांगलीला जायचं होतं. पण आत्ता जावं तर तीन वर्षं नातीचं तोंड दिसणार नाही, आणि ६८ व्या वर्षी तीन वर्षं म्हणजे किती, हा हिशेब कुठल्याच कालनिर्णयावर होत नाही. जाऊन परत यायचं असेल तर आधी इथे कायमचं राहायचा अर्ज करायचा. हे मी वकीलबाईंना हसत सांगितलं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ग्रीन कार्ड म्हणजे ये-जा करायचा पास नव्हे. खरंच इथे राहणार असाल तर फाइल करू. नसाल तर तीन वर्षं सोसा." आठ दिवस मी विचार केला. सांगलीत माझं काय होतं? घर, बहीण, पेन्शनचं खातं. इथे माझी सगळी वंशवेल एका छताखाली. राहायचं ठरवलं. पण ठरवताना मनात सांगलीला वर्षातून पाच महिने दिलेच होते.

७ फेब्रुवारी २०२२ला गठ्ठा शिकागोला पोचला. मुलाचा आय-१३०, म्हणजे ही माझी आई आहे असं सांगणारा. माझा आय-४८५, ग्रीन कार्डाचा. कामाच्या परवान्याचा एक, प्रवासाच्या परवानगीचा एक. तेव्हाच्या दराने १,७६० डॉलर. अर्ज पोचला त्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजणं थांबतं. माझा आकडा ३३१ वर थांबला. वर्षाला ३४ कमी.

त्या गठ्ठ्यात आय-८६४ नावाचं हमीपत्र होतं. गरिबीच्या सरकारी रेषेच्या सव्वापट उत्पन्न माझ्याकडे आहे आणि मी आईला सरकारवर ओझं होऊ देणार नाही, असं मुलगा लिहून देतो. ते आयुष्यभराचं म्हटलं तरी चालेल. मी नागरिक झाले, कामाच्या चाळीस तिमाह्या भरल्या, कायमची निघून गेले किंवा वारले, तरच सुटका. मुलाने सही केली. सून चष्मा लावून सगळी पानं वाचत होती. म्हणाली, "आई, हे आमच्या लग्नाच्या सप्तपदीपेक्षा कडक आहे."

तपासणीला सरकारमान्य डॉक्टर लागतो. क्षयाची रक्ततपासणी, लशी, तेव्हा कोविडचीही. निकाल बंद पाकिटात. ठशांच्या वेळी मात्र गंमत झाली. यंत्रावर माझी बोटं उमटेनात. खडूने आणि भांड्यांनी रेषा पुसल्या गेलेल्या. तिथल्या मुलीने ओल्या कापडाने बोटं पुसली, दाबली, पुन्हा ठेवली. अंगठा पाचव्यांदा आला.

मग जुलैत आरएफई आली. आणखी पुरावा द्या. कशाचा, तर मी माझ्या मुलाची आई असल्याचा.

झालं असं होतं. माझं माहेरचं नाव नदीचं. १९७७ मध्ये लग्न झालं तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीने सासरचं नाव लिहिलं, ते देवीचं. तेव्हापासून सगळीकडे देवी. पण पहिलं बाळंतपण माहेरी, मिरजेला. १९७९ साली जन्माची नोंद करायला गेले माझे वडील. कारकुनाने आईचं नाव विचारलं, तर त्यांनी लेकीचं जे नाव तोंडात होतं तेच सांगितलं. म्हणून माझ्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आई आहे ती नदी आणि पासपोर्ट आहे देवीचा. त्याच्या स्वतःच्या ग्रीन कार्डच्या वेळी कुणी आईच्या नावाकडे पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाची नोंदणीही नव्हती. त्या काळात कोण करत होतं?

मुलगा रात्रभर जागा. मी मात्र शांत होते, कारण मला आठवलं, दुय्यम सेवापुस्तक. मी नोकरीला लागले जून १९७५ मध्ये, माहेरच्या नावाने. लग्नानंतर मुख्याध्यापकांनी नावातल्या बदलाची नोंद लाल शाईने करून सही-शिक्का मारला होता. ते सेवापुस्तक सांगलीच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत. पूर आला तेव्हा ट्रंक वर होती, पण छत गळून ओली झालीच होती.

बहीण मिरजेहून किल्ली घेऊन गेली. व्हिडिओ कॉलवर तिने ट्रंक उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली. तिने ती तिथे सोडवली नाहीत, घरी नेऊन पंख्याखाली दोन दिवस ठेवली आणि सुरीच्या मागच्या बाजूने एकेक सुटं केलं. नोंदीचं पान निघालं. लाल शाई फुटून गुलाबी झाली होती, शिक्क्याचा अर्धा गोल गेला होता, पण दोन्ही नावं वाचता येत होती. एका ओळीत नदी, पुढच्या ओळीत देवी.

शिवाय आमची लग्नपत्रिका, माझा एसएससीचा दाखला, आणि दोन प्रतिज्ञापत्रं, एक थोरल्या चुलतभावाचं, एक बहिणीचं. ती शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करायला बहीण कोर्टापाशी गेली, तिथूनच तिने फोन केला. "ताई, मी माझ्या सख्ख्या बहिणीची सख्खी बहीण आहे, असं लिहून द्यायचंय का गं? नोटरी विचारतोय, पुरावा काय." दोघी इतक्या हसलो की मागे टायपिस्टही हसल्याचं ऐकू आलं. प्रतिज्ञापत्रात तिने स्वतःहून एक वाक्य घातलं होतं, की या बाळंतपणात मी रात्री जागवल्या आहेत आणि बाळाला पहिली अंघोळ मी घातली आहे. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने विचारलं, हे ठेवू की काढू? मी म्हटलं, ठेवा.

ऑगस्टमध्ये उत्तर गेलं. प्रवासाची परवानगी तेव्हा वर्षवर्ष येत नव्हती. माझीही आली नव्हती, आणि तिच्याशिवाय देश सोडला तर अर्ज सोडून दिल्यासारखं धरतात, वर ३३१ दिवसांमुळे तीन वर्षांची बंदी आहेच.

नोव्हेंबरात बहिणीला दवाखान्यात ठेवलं. आधी पित्ताचं म्हणाले, मग किडनी. अशा वेळी तातडीची परवानगी मागता येते. भाच्याने डॉक्टरांचं पत्र पाठवलं, फोन करकरून सोमवार, २१ तारखेची वेळ मिळाली. ती शनिवारी गेली.

वकीलबाई म्हणाल्या, तरी सोमवारी या, दिवसांना तरी पोचाल. त्यांनी सांगितलं की परवानगी घेऊन गेलेल्याला ती दहा वर्षांची बंदी लागू होत नाही, असा अपील मंडळाचा २०१२ सालचा निकाल आहे, तोही भारतातल्याच एका जोडप्याच्या बाबतीत, म्हाताऱ्या आई-वडिलांना भेटून आलेल्या. तीन वर्षांच्या बंदीलाही तोच न्याय लावतात. मुलगा म्हणाला, तू म्हणशील तसं. पण ८ डिसेंबरच्या मुलाखतीचं पत्र घरात येऊन पडलेलं होतं. परतताना विमानतळावर अडवलं तर? कायदा माझ्या बाजूने होता, आणि मीच कच खाल्ली. त्या सोमवारी आम्ही गेलो नाही. दहाव्याला भाच्याने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. कावळा बराच वेळ शिवला नाही. कुणीतरी म्हणालं, ताईंचं काहीतरी म्हणा. मी एडिसनमध्ये, पहाटेच्या अंधारात, फोनला म्हटलं, "येते गं. कार्ड आलं की येते." मग शिवला म्हणे. मला स्क्रीनवर नीट दिसलं नाही.

सांगलीतल्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. २०२१ पर्यंत कोविडचं कारण पुरलं. पुढे मैत्रिणींनी विचारणं बंद केलं. बहिणीला गेली नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मुलाखत नेवार्कला ब्रॉड स्ट्रीटवरच्या सरकारी इमारतीत. हात वर करून शपथ. अधिकारी तिशीतला, सभ्य. फॉर्मातले प्रश्न एकेक वाचत गेला. दहशतवादी संघटनेत होता का, कधी वंशसंहारात भाग घेतला का, कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होता का. इथे मी क्षणभर थबकले. माझे सासरे शेकापचे, आमच्या लग्नात निम्मी लाल टोपीवाली माणसं. पण प्रश्न माझ्याबद्दलचा होता. नाही म्हटलं.

मग : तुम्ही व्हिसाच्या अटी कधी मोडल्या आहेत का?

फॉर्मातला हा एकच 'होय' होता. घरी त्या चौकोनात खूण करताना माझा हात अडला होता. तिथे मात्र स्पष्ट बोलले. होय. अर्ज फेटाळल्याचं पत्र जुन्या घरी गेलं, पत्ता कळवायची जबाबदारी आमची होती. ३३१ दिवस. त्याने मान वर केली. "तुम्ही मोजलेत?" मी म्हटलं, मी गणिताची शिक्षिका आहे.

जन्मदाखला काढून त्याने त्या नावावर बोट ठेवलं. ही कोण? मी तांदळाचं सांगितलं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने नाव लिहितो, तेव्हापासून बाईचं ते नाव. त्याने विचारलं, बाईला विचारतात का? मी म्हटलं, मला विचारलं नव्हतं. त्याने सेवापुस्तकाच्या त्या गुलाबी पानाची प्रत बराच वेळ पाहिली, मग बहिणीचं प्रतिज्ञापत्र. तिचं अंघोळीचं वाक्य वाचलं असावं, कारण विचारलं, ही बहीण कुठे असते? मी सांगितलं. तो "सॉरी" म्हणाला आणि कागद परत फाइलीत लावले.

मंजुरी आठवड्यात आली, कार्ड जानेवारीत. कार्डावरचा फोटो फारच रागीट आहे. नात म्हणते, होमवर्क न आणलेल्या मुलांकडे बघतेयस.

१८ मार्च २०२३ला निघाले, पाडव्याच्या आधी पोचले. मिरजेत बहिणीच्या घरी भाच्याने एक प्लॅस्टिकची फाइल हातात दिली. सेवापुस्तक आणि तिच्या प्रतिज्ञापत्राची आणखी एक सत्यप्रत. अमेरिकेतली हरवली तर असू दे, म्हणून तिने करून ठेवली होती.

मग सांगली. तळमजल्याच्या भिंतीवर पुराची रेघ अजून होती, दोन रेघा खरं तर, २०१९ची वर आणि २०२१ची खाली. गिलावा फुगून पोपडे आलेले. गवंड्याला बोलावलं. त्याने थापीच्या दांड्याने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हा सगळा पाडायला लागतोय. भिंत वाळू दे. पावसाळा जाऊ दे, गणपती झाले की करू."

मी कालनिर्णय पाहिलं. त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणून गणपती उशिरा, १९ सप्टेंबरला. ग्रीन कार्डवाल्याने १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परतताना पुन्हा नव्याने प्रवेश मागायला आल्यासारखं धरतात. माझे १८० भरत होते १४ तारखेला.

"गणपतीच्या आधी नाही का होणार? मला जावं लागतंय."

"ओल्या भिंतीवर गिलावा धरत नाही बाई. रजा वाढवून घ्या की."

तो गेल्यावर मी रेघेखाली तळहात टेकवून पाहिला. भिंत गार होती.